खणावरचं बटण

"चार भोकांचं की दोन भोकांचं?" ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

काउंटरपलीकडचा माणूस एव्हाना कंटाळला होता. "काका, कुठलंही द्या हो. शर्टाच्या अगदी खालचं बटण आहे. पँटच्या आत जातं. कुणाला दिसणार आहे?"

"तुम्हाला दिसेल ना," असं म्हणून हे शिडीवर चढले.

मी दारातच थांबले. शिडी लावली की आमच्या दुकानात दुसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. दुकान कसलं, बोळकंडीच ती. एका बाजूला काउंटर आणि मागची अख्खी भिंत व्यापून खणांचं लाकडी कपाट. जमिनीपासून आढ्यापर्यंत नुसते खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर दोन बारीक भोकं पाडून त्यातून दोऱ्यानं एकेक बटण शिवलेलं. आत जे असेल ते बाहेर. नवखं माणूस आत आलं की आधी भिंतीकडे बघत राहायचं आणि आपण कशाला आलो तेच विसरून जायचं.

हे तीन खण उपसून खाली आले. तीन पांढरी बटणं त्या माणसाच्या शर्टाला लावून बघितली. मला विचाराल तर तिन्ही सारखीच. ह्यांनी पहिलं बाजूला सारलं, दुसऱ्याला नाक मुरडलं, तिसरं कागदाच्या पुडीत बांधलं. एका बटणाचे जे काय होतात ते घेतले, उरलेले सुटे परत दिले. "पुन्हा या," म्हणाले.

"अर्ध्या तासात एक बटण," मी आत येत म्हटलं. "या हिशेबानं आपण दोन जन्मांत श्रीमंत होऊ."

"गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं नाही ना?" हे शिडी मिटत म्हणाले. मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "तू आज लवकर कशी?"

हेच सांगायला मी आले होते आणि हेच माझ्या तोंडून निघेना. "सोमवारपासून अर्धा दिवस काम," मी म्हटलं. "लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणाल्या, लोक घरीच धुतात आता. पगारही अर्धा."

ह्यांनी शिडी पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. ती ठेवायची कुठे तेच आठवेना माणसाला.

कारखाना बंद पडल्यापासून आमच्या गावाची अशी तऱ्हा झाली होती. नवा कपडा कुणी घेत नव्हतं, आणि म्हणून ह्यांच्या दुकानात उलट वर्दळ वाढली होती. पण वर्दळ कसली? जो येई तो एक बटण मागे. शिंपी लोक पूर्वी डझनांनी न्यायचे, ते आता दिसेनासे झाले. एकेक बटण विकून दुकानाचं भाडं निघत नाही. भाडं निघायचं माझ्या लाँड्रीच्या पगारातून. तिथे मी इस्त्रीच्या मोठ्या प्रेसवर उभी असते. त्या प्रेसखाली महिन्याला पसाभर बटणं मोडतात. ह्यांचे मित्र म्हणायचे, बरं जमवलंय तुम्ही, बायकोनं मोडायची आणि नवऱ्यानं विकायची.

आता त्या मोडण्यालाही मंदी आली होती.

आणि बटणवाल्याच्या या बायकोच्या स्वतःच्या कोटाला काय होतं? सेफ्टी पिन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत ह्यांनी मला हिरवा कोट घेऊन दिला होता. गडद हिरवा, आणि त्याला तीन मोठी चॉकलेटी बटणं, कडेला दोरी वळल्यासारखी नक्षी. त्या वर्षी त्या कोटाची फॅशनच आली होती, अर्ध्या गावातल्या बायका हिरव्या दिसायच्या. पुढे कधीतरी बसमधून उतरताना माझं वरचं बटण गेलं. मी निर्धास्त. नवरा बटणवाला, मला कसली चिंता?

तर त्या बटणांचा खण रिकामा. फक्त तोंडावरचं तेवढं शिल्लक. डोळ्यांच्या उंचीवर, बरोबर मधल्या रांगेत.

"हे काय, हे आहे की," मी म्हटलं.

"तो नमुना आहे," हे म्हणाले. "नमुना काढायचा नसतो."

हा नियम माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा. खण रिकामा झाला तरी तोंडावरचं बटण तोडायचं नाही. ते बघून माल मागवता येतो. ते तोडलं की खण मेला. आता ते बटण बनवणारे कधीच धंदा गुंडाळून बसले होते, माल यायचा तो कुठून? पण हे सांगायचं कुणाला? एकदा गाडीतून उतरलेल्या एक बाई दुसऱ्या कुठल्या नमुन्यासाठी दहापट पैसे द्यायला तयार होत्या. ह्यांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

"तुझी तिन्ही बदलून देतो," ह्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. "छान जोडीची देतो." पण मीही त्याच घरची सून. दोन धडधाकट बटणं काढून टाकायची आणि तीन नवी लावायची? पैसे वर आलेत? लावायचं तर ते एकच लावा. हे हटेनात, मी हटेना. पिन लागली ती लागली. तिला गंज चढला की मी नवी लावायची.

अर्ध्या पगाराचा दुसरा महिना सुरू झाला तेव्हा कॅफेवाला आला. चौकात त्याचा नवा कॅफे होत होता. बोलायला गोड पोरगा. कपाटासमोर उभा राहिला आणि हात फिरवत म्हणाला, "काका, हे मला द्या. भिंतीला लावतो. तुमचं दुकान तसंही..." पुढचं त्यानं गिळलं. "आतला माल तुम्हीच ठेवा. मला फक्त कपाट हवंय. पण बाहेरची बटणं सगळी अशीच पाहिजेत. तीच तर खरी मजा आहे."

त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी काउंटर धरला.

त्या रात्री जेवताना हे घास हातात धरून बसले. मी हिशेब मांडून दाखवला. दुकान सोडलं की भाडं वाचेल. लाँड्रीच्या मालकीणबाई दर्शनी भागात एक कोपरा फुकट द्यायला तयार होत्या, लोकांची बटणं, चेन, पँटच्या दुमडी करून द्यायला. त्यासाठी चांगलं शिलाई मशीन लागणार. कपाटाच्या पैशांत मशीन येईल आणि वर्षभर घरही चालेल.

"म्हणजे तुझ्या शेजारी बसायचं," हे म्हणाले.

"का, वाईट आहे का माझी संगत?"

"तू प्रेसवर फार बडबडतेस असं ऐकलंय," हे म्हणाले, आणि मग जेवले. माणूस जेवला म्हणजे तयार झाला, हे मला ठाऊक आहे.

महिनाअखेरीस कपाट न्यायचं ठरलं. माझी दुपार आता मोकळी, म्हणून मी दुकानात बसून एकेक खण रिकामा करून माल डब्यांत भरत होते. अशाच एका दुपारी ती आली.

आधी मला तिचा कोटच दिसला. हिरवा. तोच. कोपरांवर विरलेला, पण ब्रशनं साफ केलेला. तिशीची असेल पोरगी. वरची दोन बटणं जागच्या जागी होती आणि खालच्या जागी पिन.

"आईचा कोट आहे," ती म्हणाली. "वरचं गेलं होतं म्हणून खालचं काढून वर लावलं. आता खाली फाकतो. असं एखादं मिळेल का?"

ह्यांनी बटणाकडे बघितलं. मग काउंटरकडे बघितलं. "नाहीये तसलं," म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकाला इतक्या झटकन नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. "तिन्ही बदलून देऊ का? छान जोडीची देतो."

तिनं पर्समध्ये न बघताच मान हलवली. "तीन नकोत. एकच परवडेल मला." पर्समध्ये किती आहेत हे पाठ असलेलं माणूस असंच मान हलवतं. "मी कारखान्याच्या ऑफिसात होते, काका. बंद झाल्यापासून ही पाचवी मुलाखत. उद्या आहे. खुर्चीत बसलं की कोट फाकतो आणि पिन वर येते. मी काय सांगतेय ते कुणी ऐकतच नाही. पिनेकडेच बघत बसतात."

मी माझ्या कोटाची कॉलर नकळत धरली. मला ते माहीत होतं. लग्नकार्यात, दवाखान्यात, बँकेत, समोरच्याचे डोळे आधी पिनेवर जातात आणि मग तुमच्याकडे येतात. तेवढ्यात तुम्ही निम्मे झालेले असता. मला नोकरी तरी मागायची नव्हती कुणाकडे.

"ते काय आहे?" पोरीनं बोट दाखवलं. डोळ्यांच्या उंचीवर, मधल्या रांगेत.

"तो नमुना आहे," हे म्हणाले. आवाज पडलेला.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुकानातल्या गोष्टीसाठी त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. एक बटण कमी म्हणजे कॅफेवाला कुरकुरणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आणि दुसरंही एक कळत होतं. ते बटण मी अर्धं आयुष्य मागत होते.

"कापा," मी म्हटलं.

"अगं, पण ते..."

"कापा म्हणते ना."

ह्यांनी छोटी कात्री घेतली. खण अर्धा ओढून आतली गाठ कापली आणि बटण तळहातावर घेतलं. "कोट काढा," तिला म्हणाले. नुसतं बटण हातात देऊन पाठवायला ते तयारच नव्हते. तिला स्टुलावर बसवलं, खिडकीशी उजेडात गेले, बटण आणि कापडाच्या मध्ये काडेपेटीतली एक काडी आडवी धरली आणि तिच्यावरून टाके घातले. मग काडी ओढून काढली आणि जी सैल जागा राहिली तिला दोऱ्याचे वेढे दिले. जाड कापडाला बटण असंच लावायचं, नाहीतर काजात घालताना कापड ओढलं जातं आणि दोरा तुटतो. मामंजी असंच लावायचे म्हणे.

तिनं कोट घातला. खालचं बटण लावलं, स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. कोट फाकला नाही.

"किती झाले?" तिनं विचारलं.

मला वाटलं, हे आता म्हणतील, राहू द्या. माझ्याही ओठावर तेच आलं होतं. पण ह्यांनी एका बटणाचे जे काय होतात ते सांगितले, घेतले, सुटे परत दिले. तिनं ते पर्समध्ये नीट टाकले आणि मान ताठ करून निघाली. तेव्हा मला कळलं की हे बरोबर वागले. फुकट दिलं असतं तर पोरगी उद्या कोटावर बटण आणि मनात पिन घेऊन गेली असती.

"पुन्हा या," हे म्हणाले.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर हे स्टुलावर बसले. "ते तुझ्यासाठी ठेवलं होतं," म्हणाले. "दुकान बंद करायच्या दिवशी तुझ्या कोटाला लावणार होतो. नियम दुकानाचा. दुकान गेलं की नियम गेला. कॅफेवाल्याला सांगणार होतो, एक खण सोडून बाकीचे घे."

मला हसावं की रडावं कळेना. "मग सांगायचं नाही का मला?"

"तू विचारलं नाहीस."

"अर्धं आयुष्य विचारतेय!"

"हो, पण ते दुकान चालू असताना," हे म्हणाले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी दोघांसाठी चहा ठेवला आणि त्यांच्या कपात साखर जरा जास्त घातली.

चार-पाच दिवसांनी ती पोरगी दारातून डोकावली. मी हातातला डबा ठेवला. "काय झालं?"

"नाही मिळाली," ती म्हणाली. "त्यांना अजून शिकलेलं कुणी हवं होतं. पण माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी. शेवटपर्यंत. परवा अजून एक आहे."

"बटण घट्ट आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"आहे, काका."

तेवढंच सांगायला आली होती.

महिनाअखेरीस कॅफेवाला टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आला. कपाटावरून नजर फिरवली आणि मधल्या रांगेवर थांबला. तिथे दोन भोकं आणि दोऱ्याचं एक टोक.

"काका, हे काय? ऐन मधोमध. दात पडल्यासारखं दिसतंय."

"विकलं," हे म्हणाले.

"मग दुसरं कुठलं तरी लावा ना तिथे. तुमच्याकडे काय तोटा आहे बटणांना?"

"त्या खणात ते असायचं," हे म्हणाले. "दुसरं लावलं तर खोटं बोलल्यासारखं होईल."

"अहो, त्यात साखरेच्या पुड्या ठेवणार आहे हा," मी न राहवून म्हटलं. पण हे ढिम्म.

पोरगा वाईट नव्हता. कानामागे खाजवत म्हणाला, "माझाही हात आखडलाय, काका. कर्ज काढून टाकतोय सगळं. मग थोडे कमी करावे लागतील." त्यानं जे थोडे सांगितले ते म्हणजे नेमकं आमचं मशीन होतं.

"करा कमी," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. मशीन नाही म्हणजे लाँड्रीतला कोपरा नाही. कोपरा नाही म्हणजे हा माणूस उद्यापासून घरात बसणार, खिडकीशी, हातांना काम नाही, आणि मी प्रेसवरून घरी येईपर्यंत कुणाशी बोलणार नाही. पैशांचं मी कसंही निभावलं असतं. हे मला निभावलं नसतं.

"कात्री द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

ह्यांनी दिली नाही, म्हणून मीच काउंटरवरून घेतली. कोट काढला आणि खालचं बटण कापलं. चॉकलेटी, कडेला दोरी वळल्यासारखी नक्षी. ह्यांच्या हातात ठेवलं. "हे खोटं नाही ना?" मी विचारलं.

ह्यांनी बटण तळहातावर उलटं-पालटं करून बघितलं. हमालांनी टेम्पोला टेकून घेतलं. मग ह्यांनी सुई ओवली. लाकडावर शिवायला काडीची गरज नसते, पण ह्यांनी काडी ठेवली, टाके घातले, काडी काढली, वेढे दिले. आतून गाठ मारली. खण लोटला. कॅफेवाल्यानं पूर्ण पैसे मोजले आणि जाताना, का कुणास ठाऊक, माझ्या पाया पडला.

कपाट निघालं तेव्हा शटरच्या आतलं दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं. हे रस्त्यापर्यंत मागे गेले, हमालांना "सांभाळून, सांभाळून" करत. टेम्पो गेल्यावर आत आले आणि काउंटरमागे आपल्या जागी उभे राहिले. मागे नुसती भिंत. जिथे कपाट होतं तिथला रंग अजून नवा होता.

मला ते बघवेना. काहीतरी करायला हवं होतं. मी पर्स आणि कोट घेतला, बाहेर गेले आणि दारातून पुन्हा आत आले. माझा कोट काउंटरवर ठेवला. मधलं एकच बटण उरलं होतं, वर पिन आणि खाली कापलेले दोरे.

"याला बटणं हवीत," मी म्हटलं. "तीन. जोडीची."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हसतील किंवा म्हणतील, चल घरी. पण त्यांनी कोट जवळ ओढला, उजेडाकडे धरला, कापड बोटांत चोळून बघितलं.

"चार भोकांची की दोन भोकांची?"

"तुम्हाला बरी वाटतील ती."

हे वळले आणि त्यांचा हात वर गेला, उजवीकडे, वरून तिसऱ्या रांगेत, जिथे जायचा तिथेच. भिंतीला बोटं लागली आणि थांबली. हात खाली आला, सदऱ्याला पुसला, आणि मग त्यांनी खाली वाकून पहिला डबा उघडला.

एक बटण ठेवून बघितलं, बाजूला सारलं. दुसऱ्याला नाक मुरडलं. असे पाच डबे उघडून झाले. मी स्टुलावर बसून राहिले. शेवटी काळपट हिरवी, जरा फुगीर, चार भोकांची तीन बटणं निघाली. कोटाला लावल्यावर वाटलं, पहिल्यापासून हीच असायला हवी होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर म्हातारपणापर्यंत ऐकवत बसले असते. खिडकीशी बसून त्यांनी तिन्ही लावली, काडी ठेवून. उरलेलं चॉकलेटी बटण माझ्या पर्समध्ये टाकलं.

मी कोट घातला. बसून बघितलं, उठून बघितलं.

"किती झाले?"

ह्यांनी तीन बटणांचे जे काय होतात ते सांगितले. मी दिले. त्यांनी गल्ल्यातून सुटे काढून माझ्या हातावर ठेवले.

"पुन्हा या," हे सवयीनं म्हणून गेले.

"येते," मी म्हटलं, आणि शटर ओढायला त्यांना हात लावला.